कॉलेजच्या लॅबमध्ये स्ट्रॉन्शियमवालं हायड्रॉक्सीॲपेटाइट: वजनकाट्यापासून एक्सआरडीपर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टला बोन ग्राफ्टचं, म्हणजे हाडातली पोकळी भरायचं मटेरियल घेणारे पोट्टे-पोट्टी आता आपल्याकडे पण दिसून राहिले, आणि विषय चांगलाच आहे, कारण याला लागणारं सामान तालुक्याच्या कॉलेजात बहुतेक असतेच. चांगला वजनकाटा, पीएच मीटर, मॅग्नेटिक स्टरर, ओव्हन आणि नऊशे डिग्रीपर्यंत जाणारी मफल फर्नेस, बस. अडचण सामानाची नाही. अडचण ही की बऱ्याच रिपोर्टांत "पाच टक्के स्ट्रॉन्शियम डोप केलं", म्हणजे थोड्या कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवलं, असं लिहिलेलं राहते, आणि विचारलं की बाप्पा पाच टक्के बीकरमध्ये टाकलं का पावडरीच्या आत गेलं, तर उत्तर नसते. हा सगळा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. प्रत्येक पायरीवर आयन कुठं गळतो ते पाहत जाऊ.

आधी थोडक्यात हे काय आहे ते. हाडातला जो कडक भाग आहे तो कॅल्शियम फॉस्फेटचा, हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाच्या खनिजाच्या जवळचा. जवळचा म्हणतो, कारण पुस्तकातलं शुद्ध हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणजे दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट, दोन हायड्रॉक्सिल, आणि खऱ्या हाडात मात्र चार ते आठ टक्के कार्बोनेट असते, सोडियम असते, मॅग्नेशियम असते, थोडंसं झिंक, स्ट्रॉन्शियम पण असते. या खनिजाची जाळी, म्हणजे आतली आयनांची ठरलेली मांडणी, दुसऱ्या आयनांना सहज जागा देते. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या लोकांना हे वेगळं सांगायची गरजच नाही खरं तर, काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, ते वर्षानुवर्षं पोटात जाते आणि हाडातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसते, दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढं सांधे धरतात, हाड एक्सरेत घट्ट दिसते पण ठिसूळ राहते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरी सोय नसेल तर १.५, असं भारतीय मानक म्हणते. म्हणजे आयन बदलला की हाड बदलते. ग्राफ्टच्या पावडरीत आपण तेच करतो, पण मोजून-मापून आणि फायद्यासाठी.

कोणता आयन घ्यायचा

इथंच बहुतेक जण चुकतात, कारण आधी आयन ठरवतात आणि मग तो काहून घेतला याचं कारण शोधतात.

स्ट्रॉन्शियम हा पहिल्या प्रोजेक्टसाठी सगळ्यात सोपा. चार्ज कॅल्शियमएवढाच, दोन प्लस, आकार थोडा मोठा, कॅल्शियम १.०० अँगस्ट्रॉम तर स्ट्रॉन्शियम १.१८. कॅल्शियमच्या जागी तो कितीही प्रमाणात बसतो, पार शंभर टक्क्यांपर्यंत. हाड बनवणाऱ्या पेशींना तो चालना देते आणि हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरते, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण यात एक सावधगिरी. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट नावाचं पोटातून घ्यायचं औषध होतं, हाडं ठिसूळ होण्यावरचं, २०१४ मध्ये युरोपात त्याच्या वापरावर कडक बंधनं आली कारण हृदयाच्या त्रासाचा धोका दिसला. ग्राफ्टमधून जागेवर सुटणारं स्ट्रॉन्शियम फार कमी राहते, ती गोष्ट वेगळी, पण व्हायव्हाला हा प्रश्न येऊ शकते, माहीत असू द्या.

मॅग्नेशियम ०.७२, म्हणजे बरंच लहान. जाळीत ते नाराजीनंच बसते, बरंचसं वरच्या पृष्ठभागावर राहते आणि धुण्यात निघून जाते. प्रमाण वाढवलं आणि तापवलं की पावडर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये बदलते. काही वेळा तेच पाहिजे असते, कारण ते शरीरात लवकर विरघळते, पण मग रिपोर्टात "मॅग्नेशियम हायड्रॉक्सीॲपेटाइट" लिहू नका.

झिंक आणि कॉपर आकारानं मॅग्नेशियमसारखेच, जंतू मारायला बरे, पण यांचा एक फास आहे तो पुढं अमोनियाच्या ठिकाणी सांगतो. चांदी एक प्लस चार्जची, त्यामुळे चार्जचा हिशोब बिघडते, शिवाय फॉस्फेटसोबत पिवळं सिल्व्हर फॉस्फेट वेगळं पडू शकते आणि उजेडात काळं होते. सिलिकेट फॉस्फेटच्या जागी जाते, हाडासाठी चांगलं मानतात, फक्त त्यात कॅल्शियम नाही तर फॉस्फेट कमी करायचं असते.

पहिल्यांदा करून राहिले असाल तर स्ट्रॉन्शियम घ्या. पुढचा हिशोब त्याचाच.

वजनाचा हिशोब

लक्षात ठेवायचं एवढंच की कॅल्शियम अधिक नवा आयन, भागिले फॉस्फरस, हे १.६७ यायला पाहिजे. नवा आयन वरून टाकायचा नाही, तेवढं कॅल्शियम काढून टाकायचा. खूप रिपोर्टांत इथंच घोळ असते, कॅल्शियम पूर्ण घेतलेलं आणि स्ट्रॉन्शियम वरून.

साधारण दहा ग्रॅम पावडरीसाठी धातूचे आयन मिळून ०.१ मोल आणि फॉस्फेट ०.०६ मोल घ्या. पाच टक्के स्ट्रॉन्शियम पाहिजे तर कॅल्शियम ०.०९५ मोल आणि स्ट्रॉन्शियम ०.००५ मोल. वजनात कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट २२.४३ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम नायट्रेट १.०६ ग्रॅम, दोन्ही मिळून २०० मिली पाण्यात. वेगळ्या बीकरमध्ये डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट ७.९२ ग्रॅम, २०० मिली पाण्यात. सगळं निघालं तर १०.२८ ग्रॅम पावडर मिळायला पाहिजे, हा आकडा वहीत लिहून ठेवा.

सोबत एक बॅच बिनस्ट्रॉन्शियमची कराच, कॅल्शियम नायट्रेट २३.६२ ग्रॅम घेऊन, बाकी सगळं तसंच. ती नसेल तर पुढं तुलना कशाशी करणार.

आता केमिकलचं. डायअमोनियम फॉस्फेट म्हणजे आपलं डीएपी, बरोबर, शेतात टाकतो तेच, १८:४६ वालं. म्हणून कोणाच्या तरी डोक्यात येतेच की कृषी केंद्रातून किलोभर आणू, शंभर ग्रॅमच्या बाटलीला काहून पैसे घालायचे. नका आणू. खताच्या डीएपीत रॉक फॉस्फेटमधून आलेलं फ्लोराइड, लोह, कॅडमियमसारखं बरंच काही राहते, आणि आपण तर एक-दोन टक्के आयनाचाच हिशोब लावून राहिलो. ड्रिपमधून सोडायचं कॅल्शियम नायट्रेट तर आणखी फसवं, त्यात अमोनियम नायट्रेट पण बांधलेलं असते आणि पाण्याचं प्रमाण वेगळं, म्हणजे बाटलीवरच्या रेणुभाराचा हिशोब त्याला लागतच नाही. एआर ग्रेडच, म्हणजे लॅबचं शुद्ध केमिकलच घ्या.

पावसाळ्यात एक भानगड होते. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढते, जुलै-ऑगस्टात उघडलेली बाटली चार दिवसांत ओली होते, कधी अर्धं द्रावणच होते. तुम्ही २२.४३ ग्रॅम तोलता, त्यात दोन ग्रॅम नुसतं पाणी असते, कॅल्शियम कमी पडते आणि भट्टीतून निघाल्यावर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दिसते, मग सगळे म्हणतात स्ट्रॉन्शियममुळं झालं. त्यापेक्षा अंदाजे अर्धा मोलरचं स्टॉक द्रावण करून ठेवा, ईडीटीएनं टायट्रेशन करा, पॅटन-रीडर इंडिकेटर, पीएच बाराच्या वर, लाल ते निळा, आणि जी मोलॅरिटी येईल त्यावरून मिली मोजा. बीएस्सीला केलेलंच टायट्रेशन आहे, त्याला नवीन काही लागत नाही.

पाणी

डिस्टिल्ड म्हणजे डिस्टिल्ड. आरओचं चालत नाही, बोअरचं तर बिलकुलच नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले असाल तर नळाचं पाणी काय चीज आहे हे मी काय सांगू. बॅटरीचं पाणी म्हणून जे कॅन मिळते त्याची खात्री नसते, आधी तपासा: थोड्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट, दुधाळ झालं तर क्लोराइड आहे, परत पाठवा. वापरायच्या आधी पाणी दहा मिनिटं उकळून झाकून थंड करा, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो, नाहीतर आम्लारी द्रावणात कार्बोनेट होऊन तो पण जाळीत शिरतो.

थेंब थेंब टाकणं

कॅल्शियम-स्ट्रॉन्शियमचं द्रावण स्टररवर ठेवा, अमोनिया टाकून पीएच साडेदहाच्या आसपास आणा. मग त्यात फॉस्फेट थेंबाथेंबानं. सेपरेटिंग फनेलची तोटी दर वेळी सारखी राहत नाही, त्यापेक्षा मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, साध्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिली होते, सेकंदाला एक थेंब लावला की मिनिटाला तीन मिली. २०० मिलीला सव्वा तासाच्या आत काम होते. घाईघाईत ओतलं तर काही भागात फॉस्फेट जास्त, काही भागात कॅल्शियम, आणि कण एकसारखे होत नाहीत.

पांढरा साका पातळ दह्यासारखा धरायला लागतो आणि पीएच खाली यायला लागते, कारण ही रिॲक्शन आम्ल सोडते. अमोनिया टाकत राहा, साडेनऊच्या खाली जाऊ देऊ नका. बऱ्याच ठिकाणी पीएच ११ ठेवा असं वाचायला मिळते, पण अमोनियानं ते जमत नाही, कारण बीकरमध्ये अमोनियम नायट्रेट साठत जाते आणि ते अमोनियासोबत बफर बनवते. शेवटी शेवटी तुम्ही कितीही अमोनिया ओता, मीटर दहाच्या आसपासच रेंगाळते. साडेनऊ ते दहा चालते, अकराच्या मागं लागू नका. या बॅचला २५ टक्क्यांचा अमोनिया ३० ते ६० मिली लागू शकते. उन्हाळ्यात तो उडते पण भराभर, एप्रिल-मेमध्ये लॅबमध्येच चाळीस डिग्री असते, म्हणून हे काम सकाळी सातलाच लावा, मीटर सात आणि दहाच्या बफरनं त्याच दिवशी कॅलिब्रेट करा, आणि अमोनियाची बाटली फ्रीजमध्ये थंड करूनच उघडा, चष्मा घालून, फ्युम हूडखाली किंवा निदान एक्झॉस्टजवळ. गरम बाटलीचं झाकण उघडलं की तोंडावरच येते.

आता तो फास. झिंक आणि कॉपर अमोनियासोबत विरघळणारं कॉम्प्लेक्स करतात. तुम्ही दोन टक्के कॉपर टाकता, ते सगळं साक्यात जायच्या ऐवजी बरंचसं पाण्यात राहते आणि गाळताना मोरीत जाते. कॉपरमध्ये हे डोळ्यांनी दिसते, गाळलेलं पाणी गडद निळं निघते. झिंकचं कॉम्प्लेक्स बिनरंगी, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही आणि रिपोर्टात "दोन टक्के झिंक" छापून येते. हे आयन घ्यायचेच असतील तर अमोनिया नको, फॉस्फेट पण डायपोटॅशियमवालं घ्या आणि पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं धरा. थोडं पोटॅशियम आत जाईल, ते ठीक आहे, मोजून सांगता येते. स्ट्रॉन्शियमला ही भानगड नाही, म्हणूनच ते पहिलं घ्या म्हटलं.

सगळं टाकून झालं की झाकून चोवीस तास ठेवा, पहिले दोन तास ढवळत, नंतर तसंच.

धुणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा पण हाच, म्हणून जरा सविस्तर.

दहा ग्रॅम पावडर बनताना सोबत साधारण सोळा ग्रॅम अमोनियम नायट्रेट बनते. मालापेक्षा जास्त! अमोनियम नायट्रेट तापवल्यावर काय करू शकते हे माहीत नसेल तर आधी वाचून घ्या. नीट न धुतलेला गोळा भट्टीत टाकला तर तपकिरी धूर निघते, तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आणि विषारी असते, आणि साठलेलं जास्त असेल तर स्फोटाचा पण धोका. गाळलेलं पाणी आटवून कोरडं करायच्या फंदात तर कधीच पडू नका.

पद्धत अशी. आधी बुचनर, म्हणजे पंपानं ओढून गाळायचं फनेल, लावू नका, हा साका बारीक असते, फिल्टर पेपर लगेच बुजते आणि पंप दिवसभर चालत राहते. मोठ्या बीकरमध्ये डिस्टिल्ड पाणी टाका, ढवळा, बसू द्या, वरचं पाणी काढून टाका, असं चार-पाच वेळा. मग बुचनर. मग निघालेल्या पाण्याची ब्राउन रिंग टेस्ट घ्या, ताजं फेरस सल्फेट आणि टेस्ट ट्यूबच्या कडेनं सावकाश कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक. कडी दिसली तर परत धुवा. कडी दिसणं बंद झालं की थांबा, त्याच्या पुढं धुत बसलात तर पृष्ठभागावरचे आयन पण निघायला लागतात, मॅग्नेशियमचं तर हमखास. शेवटचा एक हात इथेनॉलचा मारा, वाळल्यावर ढेकळं कमी धरतात.

काढलेलं पहिलं पाणी एका बाटलीत जपून ठेवा, लेबल लावून. पुढं त्यात स्ट्रॉन्शियम किती आलं हे मोजलं की आत किती गेलं याचा दुसऱ्या बाजूनं पुरावा मिळते, आणि तो पुरावा फार कमी लोक देतात.

वाळवणं आणि भट्टी

ओव्हनमध्ये ९० डिग्रीवर रात्रभर. अगेट खलात वाटा. आता अर्धी पावडर बाजूला काढा, तापवायची नाही. हाडातलं खनिज बारीक, अर्धवट स्फटिकाचं असते, त्याच्या जवळची ही न तापवलेली पावडरच आहे, आणि पुढं कोणी पेशींवर तपासणार असेल तर दोन्ही लागतात.

उरलेली अर्धी ॲल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये, मिनिटाला पाच डिग्रीनं ८५० पर्यंत, तिथं दोन तास. साध्या पोर्सिलिनची क्रुसिबल पण चालून जाते या तापमानाला. एकूण पावणेपाच तास लाइट पाहिजे. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून लावा, भाऊ, कारण मधेच गेली आणि परत आली तर काही फर्नेसचे कंट्रोलर शून्यापासून सुरू होतात, काही बंदच राहतात. पावडरीसाठी एखाद वेळचा खंड फार मोठी गोष्ट नाही, वहीत लिहा आणि पुढं चला. पण पावडरीची टिकली दाबून १२०० डिग्रीला सिंटर करून, म्हणजे तापवून घट्ट करून राहिले असाल तर तो नमुना बाद समजा, घनता बदलते आणि टिकली तडकू पण शकते.

वजन करा. न तापवलेली आणि तापवलेली मिळून नऊ ग्रॅमच्या वर असेल तर हात चांगला बसला. साडेदहाच्या वर असेल तर आनंद मानू नका, धुणं अर्धवट राहिलं किंवा पावडर ओली आहे.

आत गेलं का ते पाहणं

एक्सआरडीला, म्हणजे एक्स-किरणांनी जाळी तपासायला, नागपूरला किंवा अमरावतीला पाठवा, विद्यापीठात, व्हीएनआयटीत, जिथं ओळख आणि फी जमेल तिथं. २० ते ६० अंश, कॉपर ट्यूब, स्टेप ०.०२ सांगा. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या मुख्य रेषा २५.९, ३१.८, ३२.२ आणि ३२.९ ला येतात. ३१.० ला वेगळी रेष उभी असेल तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आहे, म्हणजे कॅल्शियम कमी पडलं. ३७.४ ला असेल तर कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे जास्त झालं.

स्ट्रॉन्शियम मोठा असल्यानं जाळी फुगते आणि रेषा डावीकडं सरकतात. सगळे हाच पुरावा देतात. पण किती सरकते ते हिशोब करून पाहा: पाच टक्के स्ट्रॉन्शियमला २५.९ वाली रेष ०.०८ अंशाच्या आसपास सरकते. आणि होल्डरमध्ये पावडर नुसती ०.१ मिलिमीटर उंच भरल्या गेली तरी साध्या मशीनवर सगळ्या रेषा ०.०५ अंशानं सरकतात. म्हणजे ऑपरेटरनं कशी भरली त्यावर तुमचं डोपिंग ठरून राहिलं! यावर उपाय सोपा, पावडरीत थोडं शुद्ध सिलिकॉन मिसळून द्या, त्याची रेष २८.४४ ला पक्की असते, ती जेवढी हलली तेवढं सगळ्यांतून वजा करा. आणि हे तापवलेल्या पावडरीवरच करा, न तापवलेलीच्या रेषा एवढ्या पसरट राहतात की ०.०८ वाचताच येत नाही.

तरी पण शेवटचा शब्द एक्सआरडीचा नाही. पावडर पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपीवर, म्हणजे द्रावणात कोणतं मूलद्रव्य किती ते सांगणाऱ्या मशीनवर, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, फॉस्फरस मोजून घ्या. आपल्याकडं नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात नमुने घेतात. फक्त दोन नमुने पाठवायला पैसे असतील तर पाच टक्केवाली पावडर आणि ते जपून ठेवलेलं पहिलं पाणी पाठवा. रिपोर्टात दोन कॉलम करा, टाकलं किती आणि निघालं किती. निघालेलं ४.६ असेल तर ४.६ लिहा, पोरांनो, पाच लिहायची गरज नाही, परीक्षकाला ४.६ वर जास्त भरवसा बसते.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांची तपासणी, स्वस्त आहे, करून घ्या. आकडे सेंमी⁻¹ मध्ये आहेत. १०३० ते १०९० आणि ५६० ते ६०० च्या पट्ट्यात फॉस्फेट, ३५७० आणि ६३० ला हायड्रॉक्सिल. १४२० ते १४६० आणि ८७० ला काही दिसलं तर कार्बोनेट, म्हणजे हवेतून शिरलं. फार असलं तर पाणी उकळलं होतं का ते वही उघडून पाहा. १३८४ ला टोकदार रेष म्हणजे नायट्रेट राहिलं.

पुढच्या चाचण्या

कोकुबो या संशोधकाचं सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं द्रावण, बनवून त्यात टिकली ३६.५ डिग्रीला ठेवायची आणि वर ॲपेटाइटचा थर धरतो का पाहायचं, ही चाचणी लॅबमध्ये होते. प्लास्टिकच्या बाटलीतच करा, काचेवर थर लवकर धरतो. सॉल्ट टाकायचा क्रम सोडू नका, नाहीतर सगळं बाटलीतच साकते. थर धरला म्हणजे शरीरात हाड चिकटेलच असं काही नसते, एवढं वाक्य निष्कर्षात टाका.

जंतूंची चाचणी मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडून करून घेणार असाल तर बिनडोपवाली पावडर कंट्रोल म्हणून द्याच. अमोनिया राहून गेलेली पावडर पण जंतू मारते, आणि श्रेय झिंकला जाते.

पेशींवरची चाचणी आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागाप्रमाणं होते, त्यात पेशी ७० टक्क्यांच्या खाली जगल्या तर मटेरियल विषारी धरतात. हे कॉलेजात होत नाही, वर्धा-नागपूरकडच्या मेडिकल कॉलेजांशी किंवा फार्मसीवाल्यांशी बोला, नमुना किती धुतला, किती तापवला, आयसीपीत काय आलं, हे कागद सोबत नेले तर ते ऐकून घेतात.

आणि एक. गावात कोणी दातांचा डॉक्टर ओळखीचा असते, तो गमतीनं म्हणते, द्या ना सर थोडी, भरून पाहतो. अजिबात नाही. बोन ग्राफ्ट २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांखाली येते, त्याला लायसन्स, निर्जंतुक पॅकिंग, प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, सगळं लागते. बाटलीवर मोठ्या अक्षरात "फक्त प्रयोगासाठी" लिहा, बॅच नंबर, तारीख, तापमान, आयसीपीचा आकडा टाका, आणि डेसिकेटरमध्ये कुलपात ठेवा.